तपासणी : देवसिंग राठोड

घाटंजीजवळच्या तांड्यावर देवसिंग राठोड यांची पिठाची गिरणी आहे. ते जन्मापासून आंधळे. पीठ चिमटीत धरून जाड की बारीक ते सांगतात. वीज गेली की दळणाला थांबलेली माणसं त्यांच्या मोबाइलभोवती बसतात, कारण तो इंटरनेटवरचं पान मोठ्याने वाचून दाखवतो. बहुतेकांना वाचता येत नाही. मोबाइल जे बोलत नाही, ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

२०१७ साली कपाशीवर फवारणी करताना जिल्ह्यात विषबाधेने माणसं दगावली. पुढच्या वर्षी माझा भाचा मंदार ज्या संस्थेत आहे, तिने फवारणीची वेबसाइट करायला घेतली. कोणतं चित्र कामाचं आणि कोणतं नुसतं शोभेचं, हे ठरवायला दृष्टिहीन माणूस हवा होता. कामाच्या चित्राला लेखी वर्णन जोडलं की मोबाइल ते वाचून दाखवतो; शोभेचं चित्र तो गाळतो. देवसिंगना मीच यवतमाळला बोलावलं. अकरा दिवस, रोज दुपारी बसून आम्ही चौतीस चित्रं तपासली.

"फुटलेलं बोंड," मी सांगितलं.

"शोभा. सोडा."

"डब्यावर लाल त्रिकोण."

"लाल म्हंजे?"

"सर्वांत जहाल विष."

"मंग लिहा ना बाई! हे शोभेत कायले टाकता?"

मी लाल, पिवळा, निळा, हिरवा असं उतरत्या क्रमाने लिहिलं. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या बाणाचं वर्णन त्यांनी तीनदा बदलून घेतलं.

नऊ जूनला त्यांचा फोन आला. "बाई, त्रिकोण कुठं गेले?"

मी वेबसाइट उघडली. चित्रं जागेवर होती, पण आमचं एकही वर्णन नव्हतं. चौतीसही चित्रं शोभेची ठरवली होती, म्हणून मोबाइल ती गाळून पुढे जात होता. तळाशी मात्र छापलं होतं : तपासणी, देवसिंग राठोड.

"वर्णनं भरायला वेळच नव्हता, मावशी," मंदार म्हणाला. "शोभेचं म्हटलं की संगणक चूक दाखवत नाही. आणि त्यांचं नाव तर आलंच ना? आता काढता नाही येणार, अहवाल गेलाय."

दुसऱ्या दिवशी मी तांड्यावर गेले. वीज नव्हती, माणसं बसलेली. मंदारचं बोलणं मी देवसिंगना सांगितलं. त्यांनी सगळ्यांसमोर ते पान लावलं. शेवटी त्यांचं नाव आलं.

"भाऊ, तुह्यं नाव तं एकदम साफ वाचते!" दळणाला आलेला प्रेमसिंग हसला.

भुरीबाईचा नवरा मजुरीने फवारायला जातो. तिने विचारलं, "म्हंजे हे तूच पाह्यलं काय, देवसिंग?"

"नाव माह्यं हाय. काम माह्यं नाही."

"मंग आमी कोनाचं आयकाव?"

देवसिंगनी माझ्या दिशेने तोंड केलं. "बाई, तुमी बोलावलं म्हनून आलतो मी. आता रंग तुमीच सांगा याईले. तुमच्या नावानं सांगा. माह्यं तं गेलं."

मी चारही रंग सांगितले. भुरीबाईने आधी माझं नाव विचारून घेतलं, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.