प्राण्यांचं गाणं आणि चौदावी ओळ

बाळांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला एक प्रश्न विचारलात आणि मी "आवाज नीट येत नाही रे" म्हणून फोन ठेवला. आवाज नीट येत होता. तुम्ही विचारलंत, प्राण्यांच्या गाण्यात सगळ्या मुलांना मुखवटे आहेत, मग त्या झाडूवाल्या मुलीला का नाही? उत्तर मला माहीत आहे, आणि ते तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहायला बसले आहे. मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, पण इंग्रजीत 'सॉरी' फार लवकर लिहून होतं. जन्मभर ती भाषा शिकवली, तेव्हा एवढं मला कळतं.

ते गाणं आमच्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं. दुसरीच्या मॅडम तरुण आहेत, हौशी आहेत. पुण्याला प्राणिसंग्रहालय बघायला सहल न्यायची होती, ती जमली नाही. मग त्या म्हणाल्या, आपणच प्राणिसंग्रहालय करू आणि त्याचं गाणं मोबाईलवर चित्रित करू. अशा कामांना मला बोलावणं येतंच. गाणं मी लिहिलं. कुणी कोणता प्राणी व्हायचं तेही मीच ठरवलं.

पिंजरे म्हणून आम्ही एका पालकांची कांद्याची चाळ घेतली. चाळ म्हणजे कांदा साठवायची लांबट शेड, दोन्ही बाजूंना जाळी, वारा खेळावा म्हणून. नवा कांदा निघेपर्यंत ती रिकामीच असते. एकेका खणात एकेक प्राणी बसवला. मुखवटे पुठ्ठ्याचे, रंग सोनईच्या बाजारातून आणलेले. वाघ, सिंह, हत्ती, अस्वल, जिराफ, सगळे जाळीतून डोकावून गात होते आणि पायाखाली कांद्याची टरफलं उडत होती. दिसायला खरंच सुंदर होतं.

शेवटच्या कडव्यात एक मुलगी झाडू घेऊन येते, पिंजरे झाडते आणि प्रत्येक प्राण्याला इंग्रजीत 'गुड मॉर्निंग' म्हणते. ते काम मी जिला दिलं ती सात वर्षांची, रोज संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी वाचायला येणारी. वर्गात तिच्याइतकं स्वच्छ इंग्रजी कुणी बोलत नाही. म्हणून तिला दिलं, असं मी मॅडमना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण 'गुड मॉर्निंग' वाघालाही म्हणता आलं असतं. पुठ्ठाही उरला होता. एक मोर सहज झाला असता.

ती बौद्ध घरातली आहे. तुम्ही दूर वाढलात, म्हणून सांगते. तिच्या पणजोबांच्या पिढीपर्यंत गाव झाडणं आणि मेलेली जनावरं ओढणं ही कामं गावाने त्यांच्यावर लादलेली होती. त्यातून बाहेर पडायला त्यांनी काय काय सोडलं आणि काय काय सोसलं, ते मला पुस्तकातून माहीत होतं. गावातून माहीत करून घ्यायची गरज मला कधी पडली नाही. आपलं घर जमीनवाल्यांचं.

गाणं तयार झाल्यावर शनिवारी सकाळी पालकांना शाळेत बोलावलं. गाण्याबरोबर पालकांची मतं तालुक्याला पाठवायची होती. त्यासाठी मी एक वही आखली. अनुक्रमांक, मुलाचं नाव, प्राणी, पालकांचं मत, सही. पट्टी लावून, लाल समास सोडून. माझ्या रकान्यांचं मला किती कौतुक असतं, तुम्ही जाणताच.

वर्गातल्या टीव्हीवर गाणं संपलं आणि एकच गलका झाला.

"वाघ लई बारीक हाय," मागून एक जण म्हणाला. "आमच्या उसात बिबट्या येतो ना, त्यो ह्याला बघून हसंल."

"मग तुमच्यातलं दूध पाजा की रोज!" वाघाची आई म्हणाली.

"आन आमच्या पोरीचं तोंडच दिसंना. हत्ती माझीच हाय, हे वळखायचं कसं?"

"चालीवरून वळखा. आईवर गेलीय."

सगळे हसले, हत्तीची आईसुद्धा. चाळीचे मालक उभे राहून म्हणाले, "चाळ लई भारी दिसली, मॅडम. पुढल्या साली कांदा भरीतच न्हाई. वाघच ठेवतो."

"ठेवा. भाव तरी मिळंल!"

असं हसत-खिदळत एकेक जण मत लिहून सही करत होता. चौदावी ओळ त्या मुलीची. तिची आई आरोग्य केंद्रात नर्स आहे. ड्यूटीवरून थेट आली होती. हायस्कूलला ती माझीच विद्यार्थिनी. तिने पेन हातात घेतलं आणि वहीकडे बघत राहिली.

"बाई, 'प्राणी' या रकान्यात हिच्यापुढे नुसती रेघ आहे. इथं काय लिहू?"

मी हसून म्हणाले, "अगं, झाडूवाली लिही की."

हे मी म्हणाले. सगळ्यांसमोर. मागे कुणीतरी उगाच बाक सरकवला.

तिने रेघ तशीच ठेवली. मताच्या रकान्यात लिहिलं: 'गाणं चांगलं आहे, पण पिंजरा झाडायला माझीच मुलगी का?' सही केली आणि वही माझ्याकडे वळवली.

"तसं काही माझ्या मनात नव्हतं गं," मी म्हणाले.

"माहितीय, बाई." ती हळू बोलली, पण मॅडमनाही ऐकू गेला. "आमच्या वर्गातही साहेब तपासणीला येणार असले की झाडू तुम्ही मलाच द्यायचात. तू नीट झाडतेस, म्हणायचात. मला तेव्हा बरं वाटायचं."

मला आठवलं. रोजच्या झाडण्याच्या पाळ्या मी हजेरीप्रमाणे लावायचे, त्यात कुणावर अन्याय नाही याचा मला अभिमान होता. तपासणीचा दिवस मात्र पाळीत नसायचा. त्या दिवशी मी वर्गाकडे बघायचे आणि एकीचं नाव घ्यायचे.

लोक गेल्यावर मॅडमनी विचारलं, "बाई, तेवढं कडवं पुन्हा घेऊ या का?"

मी म्हणाले, "चाळ आता भरायला घेतील. राहू द्या, छान झालंय."

सोमवारी सकाळी मतांची स्वच्छ प्रत करायला बसले. वहीत कुणाची शाई पसरली होती, कुणी समासाबाहेर लिहिलं होतं. चौदाव्या ओळीला आल्यावर मी लिहिलं: 'गाणं चांगलं आहे.' आणि पूर्णविराम दिला. जागा कमी पडते आहे, असं मी स्वतःला सांगितलं. रकाना मीच आखला होता.

ती प्रत गाण्याबरोबर तालुक्याला गेली. मॅडमनी त्या प्रतीचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकला. गाणं शाळेच्या पानावर चढलं, तुमच्या बाबाने ते तुम्हाला पाठवलं. प्रतीचा फोटो ग्रुपवर आला त्याच संध्याकाळी मुलीची आई दारात आली. स्कूटर चालूच ठेवली होती, मागे मुलगी बसली होती, मांडीवर वाचनाचं पुस्तक.

"आत ये ना. चहा टाकते."

"चहा नको, बाई. एवढंच विचारायला आले. माझं अर्धं वाक्य कुठं गेलं?"

मी काय बोलले ते आठवत नाही असं म्हटलं, तर विश्वास ठेवू नका. मला आठवतं. मी म्हणाले, "गाण्याला गालबोट नको, म्हणून."

तिने मुलीच्या मांडीवरचं पुस्तक घेतलं, माझ्या ओट्यावर ठेवलं आणि दोघी गेल्या. ती मुलगी त्यानंतर वाचायला आली नाही. मी पण विचारायला गेले नाही. आठवडे गेले. मग रविवारी तुम्ही विचारलंत.

फोन ठेवल्यावर मी वही काढली, चौदाव्या ओळीचा फोटो घेतला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं की हे वाक्य मी अर्धं केलं, आणि त्यातल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे की मुलगी निवडताना माझी नजर सवयीने तिच्यावर गेली. 'जाऊ द्या बाई, कशाला उकरता,' असं एकाने लिहिलं. वाघाच्या आईने लिहिलं, 'तवाच बोलायला पायजे हुतं आमी पन.' नर्सबाईने ते वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही.

म्हणून मंगळवारी तिच्या घरी गेले. माफी मागितली. तिने ऐकून घेतली. "ठीक आहे, बाई," एवढंच म्हणाली. आणखी काही म्हणेल म्हणून मी थांबले, ते थांबणंसुद्धा मला शोभलं नाही. मग मी म्हणाले, कडवं पुन्हा करू, मुलीला हवा तो प्राणी होऊ दे.

"तिलाच विचारा."

मुलगी दाराशी होती. म्हणाली, "मला झाडू आवडला होता. त्याला लाल रिबीन होती. पन आई रडली ना." मग आईच्या मागे गेली.

कडवं पुन्हा झालं नाही. चाळीत कांदा भरला आहे. मॅडमनी गाणं शाळेच्या पानावरून काढलं. तुमच्याकडे असेल तर पुसायचं की ठेवायचं, तुम्ही ठरवा. पण कुणाला दाखवलंत तर हेही सांगा. त्या मुलीचं वाचनाचं पुस्तक अजून माझ्या ओट्यावरच्या फळीवर आहे, खूण तिने ठेवली तिथेच. आणि वही माझ्या कपाटात आहे. तिच्यात चौदावी ओळ पूर्ण आहे.