२८ नंबरचा टायर आणि माझा साडू

मागच्या रविवारी जळगावहून सावद्याला सायकलने गेलो. सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, पंचाहत्तरावा वाढदिवस होता. बायको आदल्या दिवशीच पोचली होती... आणि मी फॅमिली ग्रुपवर जाहीर करून टाकलं होतं की मी सायकलवर येतोय!

खरं कारण वाढदिवस नव्हतंच. खरं कारण किशोर.

किशोर माझा साडू, धाकट्या मेहुणीचा नवरा. सावद्यातच राहतो, केळीची बाग आहे. नानांचा मोबाइल अडला की किशोर, मोतीबिंदूचं ऑपरेशन असलं की किशोर... एवढंच काय, आमच्या घरी कुठला फ्रीज घ्यायचा हेसुद्धा माझी बायको त्याला फोन करून विचारते.

वीस वर्षं हे बघतोय आणि आतल्या आत जळतोय. त्यात त्याच्या डोक्यावर केस अजून सगळेच्या सगळे! पन्नास किलोमीटर सायकल मारणं त्याला जमणार नाही, एवढा एकच मुद्दा माझ्या बाजूला होता.

आदल्या आठवड्यात मागचा टायर झिजला म्हणून नवा आणला. दुकानात मीच ऐटीत म्हणालो, २८ नंबरचा द्या. घरी स्वतः बसवला... अवजार नाही, काही नाही, नुसत्या हातांनी अलगद बसला. स्वतःचंच कौतुक वाटलं.

भुसावळपर्यंत मजेत आलो. मागचं चाक जरा उचल खात होतं, पण मी रस्त्याला दोष दिला. भुसावळला हवा चांगली टाइट भरून घेतली आणि तापीचा पूल ओलांडून थोडा पुढे आलो, तर टायर एका बाजूने रिमच्या बाहेर... आतून ट्यूब फुग्यासारखी डोकावतेय.

हवा सोडली, टायर दाबून आत बसवला, छोट्या पंपाने पुन्हा हवा भरली. अर्धा किलोमीटर गेलो... परत बाहेर. मग ट्यूब कुठे चिमटीत सापडलीय का ते चाक फिरवून बघितलं, टायर सगळीकडून सारखा बसलाय का ते बोटाने चाचपलं. तिसऱ्या वेळी ट्यूब असा आवाज करून फुटली की बांधावरचे बगळे उडाले.

दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, वर चढतं ऊन, मध्ये मी. बायकोचा फोन आला तेव्हा 'झालंच, आलो' असं बिनदिक्कत सांगितलं. किशोरला फोन करायचा नाही, हे मात्र मनाशी पक्कं होतं.

शेवटी त्याचाच आला. "भाऊ, कुठी आहे तुम्ही? नाना, पाहुणे, बठ्ठे वाट पाही राहिले."

सांगावंच लागलं. मला वाटलं हसेल... हसला नाही. म्हणाला, "टायरच्या बाजूला बारीक आकडे असतील. शेवटचे तीन वाचा बरं."

चष्मा पुसून वाचले. सहाशे पस्तीस.

"आता रिमवर पाहा." तिथे सहाशे बावीस.

"मंग झालं तर! दोघांना २८ च म्हणता, पण तुमचा टायर तेरा मिलिमीटरने मोठा आहे. हवा कमी असली तर कसाबसा राहतो, टाइट भरली की उडी मारतो. थांबा, आलो मी."

अर्ध्या तासात मोटरसायकलवर आला. खांद्यात टायर अडकवलेला, खिशात ट्यूब. लेक पुण्याला शिकायला गेल्यापासून तिची सायकल घरी पडून आहे, तिचाच मागचा टायर काढून आणला होता. तिच्या सायकलला कधीकाळी असाच चुकीचा टायर बसला होता, तेव्हा त्याने हे आकडे शोधून काढलेले. म्हणजे इथेही हा माझ्या आधीच पोचलेला!

हा टायर चढवताना दोघांचे अंगठे लाल झाले. "असाच घट्ट गेला पाहिजे," तो म्हणाला. मग माझा टायर गाडीला बांधला, हात मातीत घासले आणि म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी मळ्यातून येतो."

सावद्यात शिरलो तर दारात सगळे उभे. टाळ्या, फोटो, मेहुणीने ओवाळलं. नानांनी पाठीवर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं, "जावई पाहा माझा, एकट्याने जळगावहून आला." हे वाक्य ऐकायला मी वीस वर्षं थांबलो होतो...

तेवढ्यात किशोर मागच्या दाराने आला. नाना भडकलेच त्याच्यावर. "आजच्या दिवशीही तुला मळा सुटत नाही? पाहुणे आले, तू कुठी होता?"

"मोटर बंद पडली होती, नाना," तो म्हणाला. आणि काळे हात पाठीमागे घेऊन उभा राहिला.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं... पण कोणीतरी फोटोसाठी बोलावलं आणि मी गेलो. भरीत-पुरीचं ताट किशोरनेच आणून दिलं. "घ्या भाऊ, दमले असाल," म्हणाला, आणि त्यात टोमणा शोधूनही सापडला नाही.

आता आठ दिवस झाले. किशोरने अजून कोणाला काही सांगितलेलं नाही, हे मी बायकोच्या बोलण्यावरून ताडतोय. आधी त्याच्या कौतुकाचा हेवा वाटायचा. आता वाटतो तो जास्त वाईट आहे... ओरडा खाऊनही गप्प राहता येण्याचा. मला ते जमलं नसतं. मी तर नानांचा राग उतरायच्या आत सगळं सांगून मोकळा झालो असतो.

माझ्या सासुरवाडीची अर्धीअधिक मंडळी ही पोस्ट वाचतील, म्हणून इथेच लिहितो. नाना, त्या दिवशी कुठलीही मोटर बंद पडली नव्हती. किशोर रस्त्यावर माझ्या चाकाशी बसला होता. तो ओरडा माझा होता... पुढच्या रविवारी येतोय, सगळ्यांसमोर द्या.