बर्फाच्या कप्प्यातली लस

आर्वीत कुणाला कडक माणसाचं उदाहरण द्यायचं असलं, तर लोक वासुदेवराव कंपाउंडरचं द्यायचे. ते एका ट्रस्टच्या दवाखान्यात औषधांचं सगळं पाहायचे. शिक्षणाने रीतसर फार्मासिस्ट, पण गावाने त्यांना कंपाउंडरच ठेवलं. दवाखान्यात एक लोखंडी कपाट होतं. त्यात पेथिडिनसारखी, दुखणं थांबवणारी पण नशेच्या कायद्याखाली येणारी इंजेक्शनं असायची. त्या कपाटाची किल्ली वासुदेवरावांच्या करदोड्याला बांधलेली. ती आंघोळीलाही सुटत नसे. "माह्यं मंगळसूत्र अन् यायचा करदोडा, दोन्ही सारखेच पवित्र," असं त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईने, चार बायकांत म्हटलं होतं.

एकदा ट्रस्टचे अध्यक्ष भैय्याजी कंबर धरून आले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय इंजेक्शन मागू लागले. वासुदेवरावांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, इंजेक्शन काही दिलं नाही. भैय्याजी तणतणत गेले आणि पुढे हीच गोष्ट बाजारभर कौतुकाने सांगत फिरले. कायदा म्हणजे कायदा, हे वासुदेवरावांचं ब्रीद झालं. खरं सांगायचं तर त्यांना ते जरा चढलंही होतं.

एवढ्या कडक माणसाच्या हातून चूक घडली ती कुलपात नव्हे, फ्रीजमध्ये.

दवाखान्यातल्या कचऱ्याचा कायदा नुकताच आला होता. सुया वेगळ्या, बोळे वेगळे, हातमोजे घाला, असं सगळं सुरू झालं. त्या हवेत दोन हजार एक साली ट्रस्टने ठरवलं, की रक्ताशी संबंध येणाऱ्या प्रत्येक माणसाला कावीळ-बीची लस द्यायची. लस थर्माकोलच्या डब्यातून आली. वासुदेवरावांनी ती फ्रीजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. पोलिओचे डोज गोठवूनच ठेवायचे असतात, हे त्यांनी किती वर्षं केलं होतं. लस म्हटली की बर्फ. जितकं गार तितकं ताजं, असा त्यांचा सरळ हिशेब. द्यायच्या दिवशी बाटली बाहेर काढायची, मुठीत धरून वितळवायची आणि टोचायची.

सगळ्यांनी दंड पुढे केले. अडली एकटी शकुबाई. ती दवाखान्यातली कामवाली. रक्ताच्या चादरी, बादल्या, ऑपरेशनची हत्यारं धुणं, सगळं तिच्याच हातून व्हायचं. दुसऱ्याचं रक्त पुसताना न घाबरणारी ही बाई स्वतःच्या दंडावर सुई म्हटली की पळायची. ती वासुदेवरावांना भाऊ मानायची. दर भाऊबिजेला त्यांच्या घरी येऊन ओवाळायची. म्हणून तिला समजवायचं काम त्यांच्याकडेच आलं.

"घ्या वो बाई," वासुदेवराव म्हणाले. "यानंतर कावीळ तुमच्याकडं पाहनार नाई."

"तुमी म्हनता म्हून घेतो, भाऊ," असं म्हणून तिने डोळे मिटले.

तिन्ही डोज झाले आणि शकुबाईची भीड चेपली. हातमोजे तिला आधीच नकोसे. आर्वीचा उन्हाळा, त्यात रबर घातलं की हात शिजायचे. आता सिस्टर ओरडली की ती दंड दाखवायची. "मले सुई भेटली न. भाऊनं देल्ली."

त्याच हिवाळ्यात वासुदेवरावांना वर्ध्याला एका शिबिराला पाठवलं. शिकवणाऱ्या डॉक्टरांनी कावीळ-बी लसीच्या दोन बाटल्या हलवल्या आणि टेबलावर ठेवल्या. एक दुधाळ राहिली. दुसरीत पांढरे कण झाले आणि भराभर तळाला बसले. "ही गोठली होती," डॉक्टर म्हणाले. "पोलिओची लस बर्फात जगते, ही बर्फात मरते. मेलेली टोचली तर पाणी टोचल्यासारखं आहे."

वासुदेवरावांना आपला बर्फाचा कप्पा आठवला. परतीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळूनही त्यांना बाहेरचं काही दिसलं नाही. दवाखान्यात आल्याआल्या त्यांनी उरलेली बाटली वितळवली, हलवली, खिडकीत ठेवली आणि समोर बसून राहिले. कण तळाला गेले. मग त्यांनी ती बाटली मोरीत रिकामी केली.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी नेमके लोखंडी कपाटाच्या तपासणीला सरकारी साहेब आले. पेथिडिनची एकेक कुपी जुळली. "असा माणूस प्रत्येक दवाखान्यात पाहिजे," साहेब सगळ्यांसमोर बोलले आणि भैय्याजींची छाती फुगली. अशा वेळी तोंड कसं उघडायचं? मग संक्रांतीनंतर सांगू, मग होळीनंतर. ज्याला एक फ्रीज सांभाळता येत नाही त्याच्याकडे किल्ली कशाला, असं लोक म्हणतील, ही धास्ती त्यांना खात होती. किल्ली गेली तर आपल्यात उरतं काय, हे त्यांना उमगत नव्हतं. शकुबाईला मात्र ते हातमोज्यांवरून येता-जाता रागवू लागले. ती हसायची. भाऊचा जीव आपल्यावर आहे, असं तिला वाटायचं.

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात बादलीतली एक सुई शकुबाईच्या बोटात गेली. तिने बोट चोखलं आणि विसरली. पावसाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले, अन्न जाईना. डॉक्टरांनी पाहिलं. "हिची लस झाली आहे, म्हणजे बी नाही. पाण्यातून आलेली कावीळ दिसते. आराम करू द्या." वासुदेवराव बाजूलाच उभे होते. आपल्या त्या मेलेल्या लसीच्या भरवशावर डॉक्टर बोलत आहेत, हे त्यांना कळत होतं. तरी त्यांनी नुसत्या ताकदीच्या गोळ्या मोजून दिल्या.

शकुबाई आष्टीकडे कावीळ उतरवणाऱ्याकडे गेली. त्याने चुन्याच्या पाण्याने तिचे हात धुतले, पाणी पिवळं झालं आणि ती समाधानाने घरी येऊन पडली. वासुदेवराव भेटायला गेले तेव्हा खाटेवर नुसती हाडं उरली होती. "पानी पिवळं झालं, भाऊ," ती म्हणाली. "आता उतरून राह्यली."

तिथून ते थेट डॉक्टरांच्या घरी गेले आणि सगळं ओकले. डॉक्टरांनी लगेच शकुबाईला दवाखान्यात आणवलं. मग रक्त तपासलं. कावीळ-बीच निघाली. शकुबाई जगली, हळूहळू उभीही राहिली, पण सहा महिन्यांनी पुन्हा रक्त पाहिलं तेव्हा रोग अंगातच ठाण मांडून बसलेला होता. तो निघेल याची खात्री कुणी देईना. ट्रस्टने ठरवलं, की बाकी सगळ्यांना लस नव्याने द्यायची आणि गावात, अगदी शकुबाईपाशीही, ब्र काढायचा नाही. वासुदेवरावांनी करदोड्याची किल्ली सोडून भैय्याजींपुढे ठेवली. भैय्याजींनी ती परत त्यांच्याकडे सरकवली. "तुमच्यावाचून कपाट कोन सांभाळन?" ते म्हणाले. कुणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वासुदेवरावांना वाटलं.

नवी लस आली. या वेळी ती खालच्या कप्प्यात, बर्फापासून लांब ठेवली. रांगेत शकुबाईही उभी राहिली, बाही वर करून. आता ती सुईला घाबरत नव्हती.

"तुमाले नाई घेता येत, बाई," वासुदेवराव म्हणाले.

"काऊन? माह्यं पहिलंच अजून पक्कं हाये का?"

हो म्हटलं असतं तर ती हसत गेली असती. ट्रस्टचीही तीच इच्छा होती. वासुदेवरावांनी हातातली सुई ठेवली.

"पहिलं पानीच होतं. म्या ते बर्फात ठेवून मारलं. तुमची कावीळ माह्यापायी."

शकुबाईने विचारलं, "तुमाले कवा समजलं?"

"वर्ध्याले शिबिर झालं तवा."

तिने मनाशी आठवून पाहिलं. "म्हंजे मी उघड्या हातानं बादल्या धूत होती, तवा तुमाले ठाव होतं."

"हो."

"मले सुई टोचली त्याच्या आंधी."

"हो."

"बर्फात ठेवलं ते चुकलं असन. मान्सानं चुकावं," ती सावकाश म्हणाली. "पन मले रोज पाहून राह्यले होते न तुमी."

तिने बाही खाली केली, खुंटीवरचे हातमोजे काढून घातले आणि बादली उचलून गेली.

पुढे वासुदेवराव निवृत्त होईपर्यंत दोघं एकाच दवाखान्यात होती. शकुबाई कधी वाकडं बोलली नाही. चहा आला की त्यांचा कप आणून ठेवायची, आजारपणाच्या गोळ्या त्यांच्याच हातून घ्यायची. पण लसीच्या रांगेतल्या त्या बोलण्यानंतर आलेल्या पहिल्या भाऊबिजेला वासुदेवराव अंधार पडेपर्यंत पाटावर बसून होते. कौशल्याबाई दोनदा दाराशी जाऊन आल्या. दुसऱ्या दिवशी कामावर शकुबाई भेटली आणि नेहमीच्याच सुरात म्हणाली, "बाजूले व्हा जी कंपाउंडरसाहेब, फरशी पुसतो."