पावामिठाचा फोटो
ओरिसिया वीजकेंद्राच्या कँटीनमध्ये उभा जन्म स्वयंपाक करत आली, आणि तिने कधी कुणाची भीडभाड ठेवली नाही. थाळीत बोर्श्च, म्हणजे बिटाचं सार, उरलं की मोठ्या साहेबालाही सुनवायची, "का हो, घरी बायको यापेक्षा बरं करते वाटतं?" तिच्या जिभेला हाड नाही, असं सगळे म्हणायचे आणि रांगेत मात्र तिच्याच खिडकीपुढे उभे राहायचे. युद्धात क्षेपणास्त्राने केंद्राचा मोठा ट्रान्सफॉर्मर जळाला, ऐन हिवाळ्यात शहर काकडलं, तेव्हा तिचीही बडबड आटली.

मग लिथुआनियाहून दुसरा ट्रान्सफॉर्मर आला. तिकडच्या बंद पडलेल्या केंद्रातला, वापरलेला. एरवी कुणी जुनं दिलं की आम्ही नाकं मुरडतो. त्या दिवशी धट्टीकट्टी माणसं त्या थंडगार लोखंडाला हात लावून रडली. शत्रूला सापडू नये म्हणून तो जुन्या जागी न बसवता कोळशाच्या शेडमागे उतरवला.

आता पाहुणा एवढ्या लांबून आलाय आणि त्याला पाव-मीठ न देता आत घ्यायचं? ओरिसियाला ते कसं पटणार! तिने गोल पाव भाजला, आईने भरलेला नक्षीचा टॉवेल हातांवर अंथरला, त्यावर पाव, पावावर मिठाची वाटी. दाढी वाढलेल्या ड्रायव्हरने तुकडा मोडून मिठात बुडवला, खाल्ला आणि बाहीने डोळे पुसले. ओरिसियाचा आनंद गगनात मावेना.

"युखिम, एक फोटो काढ रे," ती फोरमनला म्हणाली. "झोर्यानाला पाठवते. पोर पोलंडमध्ये परक्यांची भांडी घासतेय. तिलाही कळू दे, आईच्या दारी जग आलंय."

"मावशी, फोटोला बंदी आहे. पाटी तुमच्याच दारावर लावलीय."

"मोठा आला नियमवाला! माझे बटाटा भरलेले वारेनिकी हाणताना बरा नियम आठवत नाही तुला?"

युखिम हसला आणि त्याने फोटो काढला. झोर्यानाने तो कौतुकाने इंटरनेटवर टाकला. 'माझी आई', एवढंच लिहिलं. हजारो लोकांनी पाहिला.

शहरात दिवे लागले, घरं उबदार झाली. आठवडाही नीट गेला नाही. एका सकाळी ओरिसिया लापशी वाढत असताना जमीन हादरली, खिडक्यांच्या काचा पातेल्यात पडल्या. क्षेपणास्त्र नेमकं शेडमागे आलं होतं. युखिम तिथेच होता.

 हातातला डाव ओरिसियाला खाली ठेवता येईना. कुणीतरी तिची बोटं सोडवली, तेव्हा तिला फोटो आठवला. तिने फोन काढला. हसरा चेहरा, पाव, आणि खांद्यामागे दोन धुरांड्यांच्या मधोमध, शेडला टेकून, तो ट्रान्सफॉर्मर. आंधळ्यालाही जागा सांगता आली असती.

"अगं, वेडी का तू!" फोटोत डोकावत म्हातारा पहारेकरी ओस्ताप म्हणाला. "हे केंद्र बांधलं तेव्हा आपण नि हे शत्रू एकाच देशात होतो. नकाशे आहेत त्यांच्याकडे."

"शेडमागची जागा होती त्या नकाशात?"

ओस्ताप वाकून काचा वेचू लागला. आणि खरं सांगतो, शत्रूला ती जागा कशी कळली, ते आजवर कुणालाच ठाऊक नाही.

संध्याकाळी झोर्यानाचा फोन आला. वीज गेलेल्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात ओरिसिया कोट घालून बसली होती.

"आई, हल्ल्याच्या बातम्या दाखवतायत. आपलं केंद्र नाही ना?" पोरीने विचारलं. "मी तो फोटो सगळ्यांना दाखवला गं. त्यामुळे तर..."

"काहीतरीच तुझं! केंद्र ठणठणीत आहे. युखिम आत्ताच दोन थाळ्या हाणून गेला."

"मग व्हिडिओ लाव ना. मला बघू दे."

"नको गं. दिवा डोळ्यांवर येतोय. डोकं ठणकतंय नुसतं."



"बरं आई. मग दिवा बंद कर आणि पड जरा."

"हो, करते."

ओरिसिया चाचपडत भिंतीपाशी गेली. फोन दिव्याच्या बटणाजवळ धरला आणि पोरीला ऐकू जाईल असं ते खटकन दाबलं.