पहिलं चित्र कुत्र्याचं

मी काही लिहिणारा माणूस नव्हे, म्हणून आधीच माफी मागतो. आज कार्बन पेपरचा वास आला आणि गडचिरोलीतली टाइपिंगची ती तापलेली खोली आठवली.

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथल्या आमच्या बाईंच्या संशोधनासाठी गोंड गावातल्या पहिलीच्या मुलांना किती येतं ते पाहायला चित्रं दाखवत होतो. पहिलं चित्र कुत्र्याचं. ते ओळखलं नाही, तर पुढची दाखवायची नाहीत, असा नियम. मुलं म्हणत, "नई." आमच्याकडे नाहीला नाई म्हणतात. मी 'येत नाही' लिहीत गेलो.

निघताना एक म्हातारी हसली. "अरे साहेब, नई म्हंजे आमच्यात कुत्राच! तुलेच येत नाई."

मी तसाच टाइपिंगच्या खोलीत बाईंकडे गेलो.

"बाई, चूक माझी आहे. अहवालात तसं लिहू."

"आता काऊन? सारं टाइप झालं. थकली रे मी."

मीही थकलो होतो. कार्बन प्रतींची पानं तशीच लावली, बोटं निळी झाली. तेव्हा त्याला मी बाईंचा मान राखणं समजलो. आज ते नुसतं भिणं वाटतं.

पुढे त्या गावचे गुरुजी बसस्टँडवर भेटले. म्हणाले, अहवाल आल्यावर ती सगळी मुलं पुन्हा पहिलीतच बसवली होती.