श्रावणभाऊ आणि सातवी वस्तू

धातूची कोणतीही वस्तू हातात आली की श्रावणभाऊ आधी ती हुंगायचे. मग नखाने टिचकी मारून कानाशी धरायचे, आणि मगच चष्मा लावून बघायचे. सेलूच्या बाजारात त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात मी वर्ध्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो आणि प्रयोगशाळेसाठी कप्पी शोधत त्यांच्याकडे गेलो होतो. कप्पी राहिली बाजूला. त्यांनी माझ्या हातात तिपाईवर बसवलेला एक गोल आरसा ठेवला आणि विचारलं, "सर, हे काय असन?"

हमरस्त्यावरच्या जाम गावाजवळ एका व्यापाऱ्याचं गोदाम होतं. लष्कराने फार पूर्वी मोडीत काढलेलं सामान त्याने कुठून कुठून आणून साठवलं होतं. तो वारल्यावर ते ढिगाढिगाने लिलावात निघालं. श्रावणभाऊ जायचे दोरखंड, ताडपत्र्या आणि साखळ्यांसाठी. पण प्रत्येक ढिगात ओळख न पटणाऱ्या चार गोष्टी यायच्याच. त्या ते वेगळ्या फळीवर मांडून ठेवत. कोणी मागितल्या तरी देत नसत. "नावच नाई मालूम त द्याव कशी?" असं म्हणत. आणि पुन्हा एखादी वस्तू उचलून, "कोनीतरी डोकं लावून बनवलं हाये हे. काऊन बनवलं, तेवढंच पाह्यचं हाये," असं स्वतःशीच पुटपुटत.

तो आरसा उन्हाची तिरीप लांबवर फेकून निरोप पाठवण्याचा होता, हे मला सुदैवाने ठाऊक होतं. आम्ही तो करूनही पाहिला. ते दुकानाच्या गच्चीवर, मी पार शेतांपलीकडे रस्त्यावर. उजेड माझ्या डोळ्यांवर पडला तेव्हा मी रुमाल हलवला, आणि परत आलो तर पन्नाशीचा हा माणूस गच्चीवरून खाली यायलाच तयार नव्हता. त्या दिवसापासून माझा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा झाला. दर रविवारी वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या घरून स्कूटर काढून मी सेलूला जाऊ लागलो. फळीवरच्या एकेका वस्तूला आम्ही नाव देत गेलो. मी सांगायचो, ते जाड कागदाची चिठ्ठी करून सुतळीने बांधायचे.

एका ढिगात सात सारख्या वस्तू निघाल्या. पितळी, टोकाकडे निमुळत्या, मुठीत मावतील एवढ्या. भोवती दोन कडी आणि त्यांवर बारीक रेघा, आकडे. श्रावणभाऊ आठवडाभर त्या घेऊन बसले होते. मी एक उचलली, रेघा बघितल्या आणि म्हणालो की हा कोन मोजायच्या यंत्राचा भाग आहे, काही धोक्याचं नाही. मला खरं तर माहीत नव्हतं. पण फळ्यासमोर उभं राहून राहून 'माहीत नाही' म्हणायची सवय मोडली होती. त्यांनी लगेच सात चिठ्ठ्या लिहिल्या. नाव मिळाल्यावर वस्तू मोकळ्या झाल्या. कागदावर ठेवायला म्हणून त्यांनी त्या ओळखीपाळखीत वाटून टाकल्या, एक स्वतःच्या गल्ल्यावर ठेवली.

तीन-चार महिन्यांनी सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार दोर घ्यायला आले. गल्ल्यावरची वस्तू बघून त्यांनी हातातला दोर खाली ठेवला. ही तोफेच्या गोळ्याच्या टोकाला बसते, गोळा किती वेळाने फुटायचा ते या कड्यांवर ठरतं, आणि आत अजून दारू असू शकते, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. श्रावणभाऊंनी गिऱ्हाइकांना बाहेर काढलं, शटर ओढलं आणि तडक पोलीस ठाणं गाठलं. वस्तू जागची हलवू नका, पथक येतंय, असं तिथून सांगण्यात आलं. पथक यायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस श्रावणभाऊ, ज्यांना वस्तू दिल्या होत्या त्या पाच घरांच्या पायऱ्यांवर आळीपाळीने बसून होते. कोणाला आत जाऊ देत नव्हते, लोकांच्या शिव्या ऐकून घेत होते.

सहा वस्तू मिळाल्या. चार रिकाम्या होत्या, दोन भरलेल्या. या धोक्याच्या नाहीत असं कोणी सांगितलं, असं ठाण्यात साहेबांनी विचारलं तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मी तोंड उघडायच्या आत श्रावणभाऊ म्हणाले, "मीच. माह्याच डोक्यानं." बाहेर आल्यावर मी म्हटलं, मी आत जाऊन खरं सांगतो. त्यांनी माझं मनगट धरलं. "तुमची नोकरी हाये सर. अन् इचारलं त मीच होतं."

सातवी वस्तू मिळाली नाही. ती त्यांनी जामच्या चौकात एका ट्रक ड्रायव्हरला दिली होती. चहा पिताना त्याने मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, घरी तीन महिन्यांची मुलगी आहे, अजून पाहिलेली नाही. श्रावणभाऊंनी पिशवीतून ती पितळी वस्तू काढून त्याच्या हातात ठेवली. पोरीले खेळाले होईन, असं म्हणाले. ट्रक दक्षिणेकडचा होता, एवढंच आठवत होतं. नाव नाही, नंबर नाही. पोलिसांनी जमेल तिकडे निरोप पाठवले. कुठूनच काही आलं नाही.

त्यानंतर दर सोमवारी, दुकान बंद असे तेव्हा, श्रावणभाऊ जामला जाऊ लागले. मी त्या वस्तूचं चित्र काढून दिलं. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याकडून चित्राखाली तेलुगूत दोन ओळी लिहून आणल्या. ढाब्यावर थांबलेल्या प्रत्येक ट्रकपाशी जाऊन ते कागद वर धरत. काही ड्रायव्हर वाचून मान हलवत, काही भीक मागणारा समजून काच वर करत. सुट्टीत मीही जायचो. परतीच्या एस.टी.त एकदा म्हणाले, "आता रांगत असन पोरगी." पुढल्या वर्षी म्हणाले, "चालत असन." मग एका जूनमध्ये, "शाळेत टाकली असन." लिलावाला ते पुन्हा कधी गेले नाहीत. फळीवरच्या सगळ्या वस्तूंच्या चिठ्ठ्या त्यांनी सोडून टाकल्या होत्या.

असं आठ वर्षं चाललं. मग मूत्रपिंडं निकामी झाली आणि जामला जाणं थांबलं. वर्ध्याच्या दवाखान्यात मी रोज संध्याकाळी जायचो. शेवटी शेवटी आवाज खोल गेला होता. एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बसवलं.

"सर, सहातल्या चार त रिकाम्याच होत्या. सातवीही रिकामीच असन का?"

हो म्हणणं फार सोपं होतं. त्यांची बायको खाटेच्या पायांकडे उभी होती, तिच्या डोळ्यांतही मी हो म्हणावं असंच होतं. शब्द ओठांवर आला होता. पण या माणसाला मी एकदा न जाणता छातीठोकपणे सांगितलं होतं.

"मला माहीत नाही, भाऊ," मी म्हणालो.

त्यांनी चाचपत माझा हात शोधला.

"मलेही नाई मालूम," ते म्हणाले, आणि हात तसाच धरून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.