रस्ता नसलेल्या शाळेची गाडी

जीनत मुल्ला आमच्या शाळेत हजर झाली, त्या दिवशी मुख्याध्यापकांनी तिच्या बदलीच्या आदेशाआधी तिची गाडी बघितली. "ही तुमची?" त्यांनी विचारलं. "नाही, सासूबाईंची," असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं म्हणे. पण पहिलाच दिवस, म्हणून नुसतं "हो सर" म्हणाली आणि सही करायला आत गेली.

गाडी होतीच तशी. डोंगरात आणि चिखलात उड्या मारायची हौस असलेली पोरं घेतात तसली. एंड्युरो म्हणतात त्या प्रकाराला. पुढचं चाक नको इतकं मोठं, मडगार्ड चोचीसारखं वर आलेलं, टायरला बोटाच्या पेराएवढ्या गुट्ट्या आणि सीट माझ्या कमरेच्या वर. चालवणारी बाई पाच फुटांची. तिच्या नवऱ्याचं, अजीमचं, उंब्रजला गॅरेज आहे. त्यानं सीटमधला फोम कापून दोन इंच उंची कमी केली होती, तरी व्हरांड्याच्या पायरीला टेकवल्याशिवाय तिला गाडीवर चढता येत नसे. ओढणी कमरेला गच्च बांधायची, डबा आणि वह्या पाठीवरच्या सॅकमध्ये कोंबायच्या आणि निघायचं. पिशवी अडकवायला त्या गाडीला साधा हूकसुद्धा नाही.

आमची शाळा साताऱ्याजवळ, हायवेला लागून. जीनत उंब्रजहून यायची. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, सगळा गुळगुळीत डांबरी रस्ता. अशा रस्त्यावर ही गाडी म्हणजे शिक्षा. सीट फळीसारखी अरुंद आणि कडक. वेग जरा वाढवला की हँडल थरथरतं. समोर काच नाही, त्यामुळं सगळा वारा छातीवर. शेजारून उसाचा ट्रक गेला की गाडी बाजूला सरकते. शाळेत आल्यावर पहिली पाच मिनिटं तिच्या हातात खडू नीट राहायचा नाही, हे मी स्वतः बघितलंय.

एकदा मी चिडून म्हटलं, "अगं, घरात गॅरेज आहे. एखादी साधी स्कूटर घे की. कुणासाठी एवढा त्रास?"

"गाडी उभी राहिली की खराब होते," ती म्हणाली.

"मग विकून टाक."

त्यानंतर दोन दिवस मला डब्यातली शेंगदाण्याची चटणीही मिळाली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की प्रश्न गाडीचा नाही.

आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या जगात शाळा दोनच प्रकारच्या, सोप्या आणि अवघड. कागदावरसुद्धा 'अवघड क्षेत्र' असंच लिहितात. तिथून सुटायला लोक काय काय करतात ते विचारू नका. बदल्यांचा मोसम आला की कुणाची कंबर धरते, कुणाच्या आईला दम लागतो. मी स्वतः गुडघ्याच्या एका एक्स-रेवर अकरा वर्षं काढली आहेत, खोटं कशाला बोलू. आणि जीनतनं मात्र पाटणच्या डोंगरात, वरच्या करंजवाडीत, नऊ वर्षं काढली होती. शेवटचा साडेतीन किलोमीटर रस्ताच नाही. दगडगोट्यांची पाऊलवाट आणि मध्ये एक ओढा. शाळा एका खोलीची, पोरं दहा-बारा, पहिली ते चौथी, सगळ्यांना मिळून ही एकटी बाई.

पहिल्या वर्षी ती चालत चढली. दुसऱ्या वर्षी स्कूटर नेली, तर स्कूटरचं पोट दगडावर आपटून दोनदा फुटलं. मग अजीमनं खंडाळ्याहून ही गाडी आणली. पुण्याच्या कुणा हौशी माणसाची होती. दोनदा पडल्यावर त्याच्या बायकोनं सांगितलं, घरात गाडी राहील नाहीतर मी. त्यानं बराच विचार करून बायको ठेवली. अजीमनं जीनतला महिनाभर ऊस गेलेल्या मोकळ्या रानात गाडी शिकवली. ती पडली, सायलेन्सरवर पोटरी भाजून घेतली, रडली, पुन्हा चढली. त्यानंतर सात वर्षं ती गाडी तिला ओढ्यातून, चिखलातून, धुक्यातून वर नेत राहिली. ओढ्यापाशी तिचा आवाज आला की वर पोरांना कळायचं. गाडी शेवटच्या वळणावर येईपर्यंत पोरं शाळेपुढं रांगेत उभी राहून प्रार्थना सुरू करायची.

हे सांगताना जीनतचा चेहरा वेगळाच व्हायचा. आमच्याकडं पट दोनशेचा, डिजिटल वर्ग, पंखे, सगळं आहे. पण ती मधल्या सुट्टीत पश्चिमेच्या खिडकीशी डबा घेऊन उभी राहायची. तिकडून करंजवाडीचा डोंगर दिसतो असं तिचं म्हणणं. मला तर तिथून फक्त हायवेचा पूल दिसतो.

मग ती खाली आलीच कशाला? सासऱ्यांसाठी. हुसेनचाचांना अर्धांगवायू झाला, सासूबाई थकलेल्या, घरात करणारं दुसरं कुणी नाही, म्हणून तिनं बदली मागितली. मिळाली. अवघड क्षेत्रातून सुटलेल्या बाईनं पेढे वाटायचे असा आमच्यात रिवाजच आहे. तिनंही वाटले, आणि वाटताना ढसाढसा रडली. सगळ्यांना वाटलं, आनंदानं रडते आहे. पुढं आठच महिन्यांत चाचा गेले. जिच्यासाठी खाली यायचं ती गरजच उरली नाही, आणि बाई हायवेवर अडकली.

पण तिला धीर होता एका गोष्टीचा. "ती शाळा कोण मागतंय?" ती हसून म्हणायची. "माझ्यासाठीच राहील. पुढच्या बदल्या निघाल्या की पहिला पसंतीक्रम तोच." मलाही हे शंभर टक्के पटलं होतं. आमच्या जन्मात आम्ही चांगल्या शाळांसाठी भांडणं बघितली. नको असलेली शाळा हातची जाईल हे कुणाच्या डोक्यात येणार?

म्हणूनच ती टायर बदलत नव्हती. डांबरावर त्या गुट्ट्या वर्षभरात झिजून सपाट होतात. ती पुन्हा तसलेच महागाचे टायर घालायची. एकदा शाळेच्या कार्यक्रमाला अजीम आला होता, तेव्हा माझ्यापाशी गाऱ्हाणं घातलं. "आवं मॅडम, तुमी तरी सांगा हिला. रोडचे टायर घाल म्हटलं की म्हणती, मग वर कशी जाऊ? आता मी काय बोलू?" बोलताना तो बायकोकडं असा बघत होता की वर जायचा अर्ज उद्या भरायचा म्हटलं असतं, तर त्यानंच पेन आणून दिलं असतं.

ती आमच्याकडं आल्यावर दोन वर्षांनी बदल्या निघाल्या. अर्ज संगणकावर भरायचा. जीनतनं माझ्याशेजारी खुर्ची ओढली. मी शाळांची यादी उघडली. पाटण तालुका, वर-खाली, दोनदा, तीनदा. वरची करंजवाडी यादीतच नव्हती.

"नजरचुकीनं राहिली असेल," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "रविवारी येतेस का माझ्याबरोबर?"

त्या गाडीवर मागं बसणं म्हणजे काय असतं ते मी आयुष्यात विसरणार नाही. पण गेले. उंब्रजहून मल्हारपेठेपर्यंत मी माझ्या गुडघ्याच्या एक्स-रेची मनापासून माफी मागितली. मग डोंगर सुरू झाला तशी जीनत बोलायला लागली. आता ओढा येईल, घट्ट धर. आता दगड, जरा उभी राहा. ओढा आला. त्याच्यावर पूल होता. पुढं काळाकुळकुळीत डांबरी रस्ता, कडेला पांढरे पट्टे. ती सारखी सावध होऊन गाडी हळू करायची, आणि खड्डाच यायचा नाही. एका वळणानंतर तिनं गाडी हळू करणंही सोडलं. गाडीच्या आवाजानं कुणीही बाहेर आलं नाही.

शाळेला कुलूप होतं, रविवारचं नव्हे, गंजून लाल झालेलं. शेजारच्या घरातून एक म्हातारी डोळ्यांवर हात धरून आली. रंगुबाई. शाळेत पोरांची खिचडी शिजवायची.

"आवं बाई! कवा आलासा? आवाज वळखूच आला न्हाई बगा. आता दिसभर गाड्या जात्यात, कोन कुनाची वळखतंय!" तिनं जीनतचे दोन्ही हात धरले. "या, बसा. च्या टाकती."

"शाळा का बंद आहे, मावशी?"

"तुमी गेल्यावर कोन बाई यायलाच तयार न्हाई. सा म्हैनं पोरं अशीच हिंडली. मग रस्ता झाला, जीप दारात याया लागली. तवा आमीच म्हटलं, पोरं खालच्या मोठ्या शाळंत धाडू. आता समदी जात्यात. कॉम्प्युटर हाय म्हनं तितं." मग तिचा आवाज एकदम मोठा झाला, मला ऐकवायला. "रस्ता कुनामुळं झाला म्हाइत हाय का? ह्या बाईमुळं! किती अर्ज लिवलं हिनं! आमी नुसतं अंगठं लावलं."

मी जीनतकडं बघितलं. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

रंगुबाई आत गेली आणि एक गुटगुटीत पोर काखेत घेऊन आली. "माजा नातू. सून अडली व्हती. रस्ता नसता तर झोळीतनं न्यावं लागलं असतं, वाटंतच ग्येली असती. भर दुपारी दारात गाडी आली, दोगं बी वाचली. रोज तुमचं नाव निगतं, बाई." आणि तिनं ते पोर जीनतच्या मांडीवर ठेवलं.

जीनतनं त्याला घट्ट धरलं. ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. काय बोलणार? रस्ता नको होता म्हणायचं? ते पोर मांडीवर घेऊन? मला त्या काळ्याभोर रस्त्याचा भयंकर राग आला होता आणि रागावायला जागाच नव्हती.

तेवढ्यात रंगुबाईची मोठी नात, क्रांती, आली. जीनत गेली तेव्हा तिसरीत होती, आता खालच्या शाळेत पाचवीत. उंच झालेली, दोन घट्ट वेण्या. "गुड मॉर्निंग, टीचर," ती म्हणाली. तीन-चार पोरं तिच्यामागं येऊन उभी राहिली, लाजली, आणि थोड्या वेळानं खेळायला पळाली. जीनत त्यांच्याकडं बघत राहिली.

चहा झाला. आम्ही निघणार, तर रंगुबाई म्हणाली, "बाई, आता येकच राहिलंय बगा. यष्टी वर आली पायजे. जीपचं लय पैकं जात्यात. तेचा येक अर्ज करायचाय."

मी शपथेवर सांगते, दिवसभरात जीनतचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा खुलला. "देते की लिहून! आत्ता देते," म्हणत तिनं पोर माझ्याकडं दिलं, सॅकमधून कोरा कागद काढला, पेनाचं टोपण काढलं आणि कुलूप लावलेल्या शाळेच्या पायरीवर जाऊन बसली. "प्रति..." ती पुटपुटली.

"बाई," क्रांती म्हणाली, "मी लिवलाय की. परवाच."

ती घरात पळाली आणि वहीत जपून ठेवलेला कागद घेऊन आली. स्वच्छ अक्षर, डावीकडं समास सोडलेला, विषय अधोरेखित. जीनतनं तो वाचला. पेन उघडंच हातात होतं. शेवटपर्यंत वाचून तिनं पुन्हा वरून सुरुवात केली. मग तिसऱ्यांदा. पोरगी समोर दोन्ही हात मागं बांधून उभी होती.

"छान लिहिलंयस," जीनत म्हणाली. तिनं कागद परत दिला, पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि पेनाला टोपण लावलं.

"आता सोपं झालंय, बाई. येत जावा," रंगुबाई मागून ओरडली.

"येते की," जीनत म्हणाली.

डोंगर उतरून मल्हारपेठेत टपरीवर आम्ही थांबलो. मी नेहमीसारखं काहीतरी बोलायला गेले, डोंगरातल्या दुसऱ्या शाळांची नावं, अर्जाची शेवटची तारीख. ती ऐकत नव्हती. कप दोन्ही हातांत धरून ती समोरच्या रस्त्याकडं बघत होती.

"प्रिया," ती म्हणाली, "तीनदा वाचला मी तो कागद. एक चूक हवी होती गं मला. एकच. म्हटलं असतं, बस इथं जवळ, दाखवते."